जैनबबीची दोन बोटं

हुलिया. नाव: जैनबबी. जौजे (कुणाची बायको): लालमहंमद, मरहूम. साकीन: कसबे नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद. उमर: अंदाजे पंचावन्न, अंदाज तिचा स्वतःचा. बांधा: किरकोळ. रंग: गव्हाळ, उन्हानं उतरलेला. दात: पुढचे चार हजर, बाकीचे गैरहजर. ओळखीची खूण: उजव्या हाताचा अंगठा टोकाशी चपटा. लिहिता-वाचता येतं: नाही. जमीन: नाही. हत्यार: नाही. सरकारविरुद्ध हालचाल: आढळली नाही. पेशा: घरकाम. चालचलन: नेक.

असा कागद तहसिलीत असायला हवा होता. तो नाही. जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गाहून उस्मानाबादेला गेलं तेव्हा दप्तरं बैलगाड्यांत घालून नेली, आणि त्या घाईत पुष्कळ माणसं कागदोपत्री नाहीशी झाली असं म्हणतात. जैनबबी त्यांतली नव्हे. तिचा कागद कुणी केलाच नव्हता. म्हणून तो इथं करून ठेवला आहे. पेशाच्या रकान्यातली चूक मात्र मुद्दाम ठेवली आहे, कारण सरकारनं ती केलीच असती. जैनबबी घरकाम करत नसे. ते तिची सून करी. जैनबबी लोकांच्या बेंब्या जागेवर बसवत असे.

बेंबी सरकणं हा आजार डॉक्टरी पुस्तकांत नाही, पण त्यानं पुस्तकांची वाट पाहिली नाही. जड घागर उचलली, पायरी चुकली, कडब्याची पेंढी वेडीवाकडी पेलली, की पोटात कळ सुरू होते, अन्न जात नाही, गेलं तर राहत नाही. मराठी माणूस म्हणतो बेंबी सरकली. दख्खनी बोलणारा म्हणतो नाफ टळली. दोघं जैनबबीच्या ओसरीवर एका रांगेत बसत. ती सकाळी, अनशापोटी, माणसाला उताणं झोपवायची आणि बेंबीत अंगठा रोवायची. पोटात खोलवर एक ठोका लागतो. तो अंगठ्याच्या बरोबर खाली लागला तर बेंबी जागेवर. बोटभर इकडं-तिकडं लागला तर सरकलेली. खात्रीसाठी बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत दोरा लावायचा. मग कणकेच्या गोळ्यावर पेटती वात खोचून ती पोटावर ठेवायची, वर तांब्या पालथा घालायचा. वात विझते, तांब्या कातडी ओढून धरतो. तांब्या सुटला की अंगठ्यानं त्या ठोक्याला रेटत रेटत मधोमध आणायचं, पायाचे अंगठे ओढायचे, आणि माणूस उठायच्या आत त्याच्या तोंडात गूळ-भाकरीचा घास द्यायचा. रिकाम्या पोटी उठलं तर बेंबी परत जाते, असा नियम होता.

तो ठोका ज्या रक्तवाहिनीचा असतो ती पाठीच्या कण्याला धरून असते आणि कुणाच्या अंगठ्यानं हलत नाही, हे खरं आहे. लोकांना बरं वाटायचं, हेही खरं आहे. या दोन गोष्टी वर्षानुवर्षं नळदुर्गात शेजारी राहिल्या आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही.

सन १३४४ फसलीत, म्हणजे इंग्रजी १९३५ च्या सुमाराला, मुरुमहून एका आडत्याची गाडी तिला न्यायला आली. आडत्याचं नाव महारुद्र. त्याची बायको द्वारकाबाई बाळंत होऊन महिना झाला होता आणि पंधरा दिवस तिच्या डाव्या बरगडीखाली कळ येत होती. जैनबबीनं बेंबीत अंगठा रोवला. ठोका जागेवर होता. म्हणजे काम संपलं होतं. पण सहज तळहात डावीकडं फिरला आणि बरगडीखाली तिला आणखी एक ठोका लागला.

दोन ठोके असलेलं पोट तिनं पाहिलं नव्हतं. तिनं असा हिशेब केला, की मधला ठोका फसवा आहे आणि खरी बेंबी इतकी लांब गेली आहे. मग तिला जे येत होतं ते तिनं केलं. ठोका अंगठ्याखाली एकदा थोराड झाला आणि एकाएकी बसला. द्वारकाबाई पांढरी पडली, तिला दरदरून घाम आला, डोळे फिरले. पाण्याचा हबका मारेपर्यंत ती शुद्धीवर आली होती आणि कळ गेली होती.

"हलकं वाटतंय की वं चाची," ती म्हणाली. "निस्ता हा डावा खांदा धरलाय."

तिनं गूळ-भाकरी खाल्ली. घरात आनंदीआनंद झाला. जैनबबीला आग्रह करून ठेवून घेतलं, म्हणून ती तिसऱ्या दिवशीही तिथंच होती. सकाळी द्वारकाबाई पाळण्यातलं मूल उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. तिला तीन वाक्यं बोलण्याइतका वेळ मिळाला. त्यातली दोन पाण्याविषयी होती.

दोष कुणी दिला नाही. निघताना महारुद्र हात जोडून म्हणाला, "चाची, तुमच्या हातानं दोन दिस तरी सुखाचे गेले तिचे." तो हे मनापासून म्हणाला. पुढं वर्षानुवर्षं तो मुरुमहून तिच्याकडं माणसं पाठवत राहिला.

या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, धमनीविस्फार. म्हणजे धमनीचा फुगा. प्लीहा, यकृत, आतडी यांना रक्त नेणाऱ्या धमन्या पोटात असतात. त्यांतल्या एखादीची भिंत एका जागी कमजोर पडते आणि रक्ताच्या दाबानं तिथं फुगवटा धरतो. प्लीहेच्या धमनीला तो इतरांपेक्षा जास्त धरतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि ज्यांची बाळंतपणं पुष्कळ झाली त्यांना आणखी जास्त. बहुतेक फुगे जन्मभर गप्प बसतात. जो फुटतो तो कधीकधी दोनदा फुटतो. पहिल्यांदा रक्त जठरामागच्या पोकळीत साठतं आणि तिथंच थोपतं. कळ ओसरते, माणूस उठून बसतो, जेवतो. काही तासांनी, नाहीतर दोन-तीन दिवसांनी, थोपलेलं सुटतं. आतून रक्त झिरपताना डावा खांदा दुखतो. खांद्याला काही झालेलं नसतं. या मधल्या अवधीबद्दल पुस्तकात सावधगिरीची दोन वाक्यं आहेत. मुरुमात त्याला गुण आला असं म्हणाले.

जैनबबीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की अंगठ्याखाली काहीतरी बसलं होतं, आणि ते बसायला नको होतं. तिनं धंदा सोडला नाही. तिनं कामात एक पायरी वाढवली. अंगठा रोवायच्या आधी ती दोन बोटं, मधे पेराएवढं अंतर सोडून, पोटावर अलगद टेकवू लागली: आधी मधोमध, मग डावीकडं, मग उजवीकडं. साध्या पोटातला ठोका दोन्ही बोटांना सारखा वर उचलतो. द्वारकाबाईच्या पोटातला तसा नव्हता. अंगठ्याला ते पक्कं आठवत होतं. तो ठोका चहूकडं रेटत होता. तसा ठोका असेल तर बोटं वर उचलणार नाहीत, एकमेकांपासून फाकतील, असं तिनं स्वतःशी ठरवलं. बोटं उचलली तर काम सुरू करायचं. फाकली तर हात काढून घ्यायचा.

आठ वर्षांत बोटं एकदाही फाकली नाहीत. ही पायरी निरुपयोगी असल्याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं अवघड. तो सिताबाईनं मांडलाही. सिताबाई शेजारीण, जैनबबीच्या हाताखाली बेंबी बसवायला शिकलेली, दणकट, बोलघेवडी, हाताला जोर असलेली.

"चाची, बोटं ठिवता का देवाला हात जोडता, काय कळतच न्हाय बघा."

"तू बी ठेवत जा."

"ठिवते की."

ती ठेवायची, जशी आपण उंबऱ्याला बोटं लावून कपाळाला लावतो तशी.

सन १३५२ फसलीच्या खुर्दाद महिन्यात, म्हणजे इंग्रजी एप्रिल १९४३ मध्ये, जैनबबीची एकुलती सून अन्वरी पाचव्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली. जैनबबीचा मुलगा वजीर मोटारीच्या अड्ड्यावर पंक्चरं काढायचा. तो पेढ्यांऐवजी गूळ वाटून आला, कारण लढाईमुळं साखर मिळत नव्हती. रिवाजाप्रमाणं सासू रोज सकाळी सुनेचं अंग चोळायची, पोट चोळायची आणि लुगड्याच्या पट्टीनं पोट करकचून बांधायची. बाळंतिणीचं पोट बांधलं नाही तर ते सुटतं आणि लोक नावं ठेवतात.

बाराव्या दिवशी चोळता चोळता जैनबबीचा हात डाव्या बरगडीखाली थांबला. तिनं तेल पुसलं, हात कोरडे केले आणि दोन बोटं टेकवली.

बोटं फाकली.

तिनं हात उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा फाकली. दोन बोटांच्या मधे काहीतरी संथपणे श्वास घेतल्यासारखं फुगत होतं.

"थांबलात का, अम्मा?" अन्वरीनं विचारलं.

"हितं दुखतं का?"

"जेवल्यावर जरा अवघडल्यागत व्हतं. बाळंतपणाचंच असंल."

"असंल," जैनबबी म्हणाली, आणि पोटपट्टी गुंडाळून पेटीत ठेवून दिली.

त्या दिवसापासून हुकूम सुटले. पोट बांधायचं नाही. घागर उचलायची नाही. वाकायचं नाही. खोकला आला तर उशी पोटाशी धरून खोकायचं. आणि पोटाला कुणी हात लावायचा नाही, खुद्द जैनबबीनंही नाही. गल्लीतल्या बायकांना यातून एकच अर्थ काढता आला आणि तो त्यांनी काढला. सुनेचं पोट सुटावं, ती बेढब दिसावी म्हणून सासूनं पट्टी काढली. "सगळ्या जिल्ह्याला हात लावती, सुनंला लावंना," असं नळावर बोललं गेलं. आणि ते आपल्यापर्यंत पोचावं इतक्या मोठ्यानं बोललं गेलं, असं जैनबबीचं मत होतं.

तिचं पुढचंही ठरलं होतं. सोलापूरला मोठा डॉक्टर पोट फाडून शिवतो, असं तिनं ऐकलं होतं. तिथं न्यायचं. पण बाळंतिणीचा चिल्ला चाळीस दिवसांचा. तोवर ती उंबरा ओलांडत नाही. अठ्ठावीस दिवस राहिले होते. द्वारकाबाईला पंधरा दिवस कळ येत होती. अन्वरीला तर अजून कळही नव्हती, नुसतं अवघडणं होतं. जैनबबीनं ठरवलं की वेळ आहे. या सगळ्या हकिकतीत तिच्या एकटीची चूक ती हीच.

अठराव्या दिवशी कळ आली. गावातल्या हकीमसाहेबांना बोलावलं. त्यांनी रिवाजाप्रमाणं पडद्याबाहेर बसून नाडी पाहिली, बादी, म्हणजे पोटात वायू, आहे म्हणाले आणि चूर्ण दिलं. चूर्ण खाल्ल्यावर अन्वरी भिंतीकडं तोंड करून कण्हत राहिली. वजीर आईसमोर येऊन उभा राहिला.

"अम्मा, तुमच्या ओसरीवर उस्मानाबादचे कारकून येऊन बसतात. घरातली एक बेंबी बसवंना झाली तुमाला?"

"ही बेंबी न्हाय."

"मग काय हाय?"

"मला माहीत न्हाय."

"माहीत न्हाय तर दाबून तर बगा एकदा!"

"मुरुमला तसंच केलं व्हतं," जैनबबी म्हणाली. "माहीत न्हाय म्हणून दाबून बघितलं व्हतं."

मुरुमला काय झालं होतं ते वजीरला माहीत होतं. त्याला माहीत असलेलं असं की तिथं अम्माच्या हाताला गुण आला होता.

दुसऱ्या दिवशी जळकोटला जैनबबीच्या चुलत बहिणीची मयत झाली. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. ती पहाटे गेली आणि मातीनंतर पाणीसुद्धा न घेता परत फिरली. घरी पोचली तेव्हा दुपार ढळली होती. दारातून तिला दिसलं की अन्वरी उठून बसली आहे, मांडीवर मूल आहे, आणि समोरच्या थाळीत गूळ-भाकरी आहे. गूळ पाहिल्यावर तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"झालं की, अम्मा!" वजीरचा चेहरा उजळला होता. "सिताबाईनं बसवली. बोटभर न्हाय, चांगली वीतभर सरकली व्हती म्हणं. एकदा जरा अंधारी आली हिला, पन मग खल्लास! दुखणंच न्हाय."

सिताबाई चुलीपाशी हात धूत होती. "चाची, रागावू नगा. पोरगं रडाया लागलं मोटारीच्या अड्ड्यावर, सगळ्यांम्होरं. कसं न्हाय म्हनू?"

"बोटं ठिवली व्हतीस?"

"ठिवली की."

"फाकली का?"

सिताबाईनं पदराला हात पुसले. "जराशी फाकल्यागत वाटली. पन उकाड्यानं हात निसरडे झालते, चाची. मला वाटलं घामानंच घसरली."

जैनबबीनं सुनेकडं पाहिलं. ओठांचा रंग गेला होता. नखं दुधात बुडवून काढल्यासारखी होती.

"अन्वरी, खांदा कसा हाय?"

"डावा ठणकतोय," अन्वरी म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. "तुमाला कुनी सांगितलं?"

जैनबबी उंबऱ्यावर बसली. मग वजीरला म्हणाली, "सोलापूरची मोटार कवा हाय?"

"सकाळी. का?"

"हिला न्यायचं."

"चिल्ला हाय तिचा! आन आता कशाला? गुण आलाय न्हवं."

"गुण आलाय म्हणूनच."

सिताबाई बोलायला गेली, तेव्हा जैनबबीनं हात वर करून तिला गप्प केलं. मुलाशी तिनं त्याच्या भाषेत बोलायचं ठरवलं. त्या वर्षी नवे टायर येणं बंद होतं. जुन्याच टायरांवर मोटारी फिरत आणि त्यांच्या कुशीला फोड येत. वजीर दिवसभर तेच बघत असे.

"टायरला फोड आला म्हंजे आत काय झालेलं असतं रे?"

"आतलं कापड तुटलेलं असतं. ट्यूब तिथनं बाहेर रेटती."

"मग तू काय करतोस? अंगठ्यानं आत दाबतोस?"

"दाबल्यावर फुटंल की!"

"फुटला आन हवा जायाला जागा न्हाय मिळाली, तर?"

वजीरनं बायकोकडं पाहिलं, सिताबाईच्या हातांकडं पाहिलं. "तर थोडा वेळ धरतो," तो म्हणाला. "मग..." तो उठला आणि जागा धरायला अड्ड्यावर गेला.

सोलापूरची मोटार त्या काळात कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं भट्टी लावलेली. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं असा अलिखित करार होता. ड्रायव्हर बलभीम वजीरच्या ओळखीचा. त्यानं पुढचा बाक मोकळा करून दिला. हादरे लागू नयेत म्हणून जैनबबीनं सुनेच्या पोटाभोवती गोधडी सैलसर गुंडाळली होती, आणि त्याआधी चंचीतला चुना बोटावर घेऊन बरगडीखाली पोटावर एक वाटोळी रेघ ओढली होती. वाटेत कुणाचा हात पडलाच तर त्याला कळावं कुठं पडायचं नाही.

"बलभीमा, खड्डा बघून घे रं," ती दर दहा मिनिटांनी म्हणायची.

"बाळंतीण नेताय का अंड्याची पाटी?" मागून कुणीतरी विचारलं. मोटार हसली.

"अंड्याची पाटी," जैनबबी म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

इटकळच्या पुढं निजामाचा मुलूख संपून इंग्रजी हद्द लागायची. तिथं एक नाका होता. मुलखाबाहेर धान्य, कापड, चांदी जाऊ नये म्हणून तिथं झडती व्हायची आणि बायकांच्या झडतीला एक बाई नेमलेली होती. बायका कापडाचे तागे पोटाला गुंडाळून नेतात, हे नाक्यावरचं जुनं ज्ञान. त्या बाईची पद्धतही साधी होती: पोटावर दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायचा; कापड असेल तर दबतं, पोट असेल तर बाई ओरडते.

"गोधडीत काय हाय?"

"पोट."

"पोट समद्याच नेत्यात. मागल्या हप्त्यात एकीच्या पोटातनं चांदीचे तोडे निगाले." तिनं गोधडी सोडली, लुगडं बाजूला केलं आणि दोन्ही हात पुढं केले. जैनबबीनं तिची मनगटं धरली.

"हात लाव. पन ह्या चुन्याच्या आत नको."

"का? आत काय लपिवलंय?"

"आत लावलास तर ही हितंच मरंल."

आवाज ऐकून अंमलदार टेबलामागून उठून आला. अन्वरी डोळे मिटून बाकावर रेलली होती. तिच्या गालांना मातीचा रंग आला होता. जैनबबीनं मनगटं सोडली नाहीत. ती मान वळवून दख्खनीत बोलू लागली.

"साब, बीस दिन की जच्चा है. ये औरत इसके पेट पो हात दाबी तो मर जाती. यहाँ मरी तो पंचनामा तुमकूच करना पडेंगा. परदेवाली औरत है, पंच बी औरतांच लगते. हद का पत्थर वो सामने है. मय्यत इधर की क्या उधर की, वो बी लिखना पडेंगा. बोलो, दबाने देऊँ क्या?"

अंमलदारानं हद्दीच्या दगडाकडं पाहिलं. मग टेबलावरच्या कोऱ्या नमुन्यांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं. माणसाच्या मरणानं तो हलला असता का, ते सांगता येत नाही. कागदांनी हलला.

"जाव," तो म्हणाला. "जल्दी जाव."

सोलापुरातल्या त्या दवाखान्याचे सर्जन आण्णासाहेब म्हणून ओळखले जात. चश्मा कपाळावर, हातात विझलेली विडी. त्यांनी वजीरला विचारलं काय होतंय. वजीरला रडू आलं. मग त्यांनी जैनबबीकडं पाहिलं. तिनं दोन बोटं चुन्याच्या रेघेवर, समोरासमोर, अलगद टेकवली आणि काढून घेतली.

"दाबू नका, डॉक्टरसायब. निस्ती ठिवा. उचलत्यात का फाकत्यात बघा. काल एकदा दाबलंय, एकदा अंधारी आली, आता खांदा ठणकतोय. आजचा दिस हाय, उद्याचं सांगता येत न्हाय."

आण्णासाहेबांनी बोटं ठेवली. विडी खिशात टाकली. नळी कानाला लावून त्याच जागी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"हे बोटांचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मुरुमच्या एका बाईनं."

"कुठं असते ती?"

"मेली."

तासाच्या आत टेबल तयार झालं. वजीरचं रक्त तपासलं, ते जुळलं, आणि त्याला शेजारच्या खोलीत आडवं केलं. आत जायच्या आधी डॉक्टर त्याला म्हणाले, प्लीहेकडं जाणाऱ्या धमनीला फुगा आलाय. तो काढायचा तर धमनी दोन्ही बाजूंनी बांधावी लागेल आणि प्लीहाही जाईल. वाचेलच असं नाही.

"दोन्हीकडनं गाठ मारायची आन मधला तुकडा कापून टाकायचा," वजीर म्हणाला. "करा, सायब. आमी बी तसंच करतो."

पोट उघडलं तेव्हा जठरामागं काळ्या रक्ताची गुठळी होती. ती हलताच थोपलेलं सुटलं. जे घरात, पाळण्याजवळ व्हायचं होतं ते टेबलावर झालं. आण्णासाहेबांनी बोटांत धमनी चिमटून धरली आणि कुणीतरी गाठ मारेपर्यंत धरून ठेवली. फुगा लिंबाएवढा निघाला. एका बाजूनं तो कागदासारखा पातळ होता. तो काचेच्या बरणीत दारूत घालून ठेवला. बाहेर बाकावर जैनबबी मांडीवर नातीला घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडात भिजवलेल्या कापसाचा बोळा देत होती. आत कोण ओरडत होतं ते तिला कळलं नाही. पुढं समजलं की ते डॉक्टर होते, आणखी दोरा मागत होते.

अन्वरी बावीस दिवसांनी आपल्या पायांनी चालत मोटारीत चढली. तोवर चाळीस दिवस उलटून गेले होते, त्यामुळं चिल्ला मोडला की पाळला यावर घरात दोन मतं राहिली.

गावात मात्र एकच मत होतं. सिताबाईनं बेंबी बसवली, त्याच दिवशी दुखणं गेलं, हे दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बरी झालेली सून सासूनं सोलापूरला नेऊन फाडून आणली. सिताबाईच्या दारापुढं रांग वाढली. मुरुमहूनही गाडी येऊ लागली.

जैनबबीनं सिताबाईला बोलावलं. सिताबाई आली, घाबरतच आली, पण आली.

"तुला दावायचं व्हतं," जैनबबी म्हणाली. "फाकणं म्हंजे काय ते."

"दावा की, चाची."

जैनबबीनं तिची दोन बोटं धरून अन्वरीच्या पोटावर टेकवली. लांब, लाल, ताजा वण होता. त्याच्याखाली काही नव्हतं. बोटं होती तिथंच राहिली. जे दाखवायचं होतं ते सोलापुरात बरणीत होतं, आणि तिथंही आता ते फुगत नव्हतं.

"कळलं का?" तिनं विचारलं.

"कळलं," सिताबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ओसरीवर सात माणसं होती. त्यांतल्या दोन बाळंतिणी.

दवाखान्याच्या केसपेपरची नक्कल वजीरनं जपून ठेवली होती. तिचा मराठी मजकूर असा: "रोगी: अन्वरी, जौजे वजीर, राहणार निजाम इलाखा. रोग: प्लीहेच्या धमनीचा फुगा, फुटलेला. निदान: दाखल केल्यानंतर, दवाखान्यातील तपासणीअंती. शस्त्रक्रिया: यशस्वी. सोबतचे नातलग: पती, सासू, निरक्षर. दाखल केले त्या दिवशी सदर नातलगांकडे आजाराच्या पूर्वहकिकतीबाबत समक्ष व कसून चौकशी केली असता उपयुक्त अशी कोणतीही माहिती मिळून आली नाही." खाली चौकशी करणाऱ्या कारकुनाची सही आणि तीच तारीख आहे.

कारकून त्या तारखेला रजेवर होता.